हलायचं नाही, बोलायचं नाही

बाबांनी उजव्या डोळ्यात भिंग चढवलं, पत्र्याचा तुकडा लाकडी ठोकळ्यावर ठेवला आणि त्यांच्याकडची सगळ्यात बारीक सुई त्यावर उभी धरली. मग त्यांनी श्वास रोखला. समोर टेबलाला हनुवटी टेकून बसलेल्या टपालनंही रोखला. सुई अर्धी फिरली, थांबली, उलटी फिरली. बाबांनी तुकडा चिमट्यानं उचलून दिव्यासमोर धरला.

"आरपार गेली," ते म्हणाले. "आता कड घासायची. कडेला कुसळ राहिलं तर तुझा उजेड फाटेल."

"उजेड फाटतो?"

"खिळ्याला अडकलेलं कापड फाटतं ना, तसाच. मागच्या वेळी खिळ्यानंच भोक पाडलं होतंस तू."

ते खरं होतं. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला मॅडमनी सगळ्या वर्गाला फोन महिनाभर बॅगेत ठेवायला सांगितले होते आणि डब्याचा कॅमेरा करायला लावला होता. डब्याला सुईएवढं भोक, आत फोटोचा कागद, बस्स. ना काच, ना बटण, ना बॅटरी. भोकावरची पट्टी उचलायची, थांबायचं, पट्टी परत लावायची. तेवढ्या वेळात समोरचं जग त्या भोकातून आत शिरतं आणि कागदावर डोकं खाली, पाय वर करून उभं राहतं. दिवसाला शंभर फोटो काढणारी पोरं आधी हसली, आणि मग आठवडाभर डोक्याला हात लावून बसली.

टपालचा पहिला कागद निघाला कोळशासारखा काळा, कारण बिस्किटांच्या डब्याच्या झाकणातून उजेड घुसला होता. दुसरा निघाला कोरा, कारण भोक पलीकडे पोचलंच नव्हतं. तिसऱ्यावर गल्ली आली खरी, पण साबणाच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी. म्हणून ती बाबांकडे आली. हातघड्याळाच्या पोटात जाऊन काम करणाऱ्या माणसाला एक भोक म्हणजे काय मोठंसं?

बाबांनी कड घासली, बोटानं चाचपली, पुन्हा घासली. तुकडा कागदात गुंडाळून तिच्या हातावर ठेवताना म्हणाले, "डबा मात्र बदल. पत्र्याच्या डब्यात उजेड कुठून शिरेल याचा नेम नाही. लाकडाची पेटी हवी, कोपरे घट्ट बसलेली."

एवढं बोलून त्यांनी पटकन दुसरं घड्याळ पुढ्यात ओढलं. तशी पेटी पंचक्रोशीत एकच माणूस करू शकत होता, आणि तो प्लायवूडच्या पलीकडे बसला होता.

तिला टपाल हे नाव पडलं त्याला सात वर्षं झाली होती. शाळेच्या दाखल्यावर दुसरंच काही होतं, पण ते आता शाळेलाही आठवत नसेल. तेव्हा दुकान एकच होतं. डाव्या हाताला बाबांची घड्याळं, उजव्या हाताला मोठ्या काकांच्या फोटोच्या चौकटी, आणि मधे दोघांचं मिळून एक लांबलचक टेबल. एका दुपारी बाबांनी एक जुनं घड्याळ उघडून त्याची केसाएवढी कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, कागदावर काढून ठेवली होती. दोन दिवसांचं काम होतं ते. त्याच क्षणी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला काकांनी चौकटीवर हातोडी घातली. टेबल उडालं, कमान उडाली, आणि आजतागायत सापडलेली नाही.

बाबा म्हणाले, दादा, तुझ्या हाताला ठोकण्याशिवाय दुसरं काही येत नाही. काका म्हणाले, तुला तरी लोकांच्या घड्याळात डोकं खुपसण्याशिवाय काय येतं? शब्दानं शब्द वाढला. संध्याकाळी टेबल करवतीखाली गेलं आणि दुसऱ्या दिवशी मधे प्लायवूड उभं राहिलं. भांडण पंधरा दिवसांत शिळं झालं असतं. पण आधी कोणी बोलायचं, हा प्रश्न मागे उरला, आणि तो सुटायला सात वर्षं पुरली नाहीत.

मग निरोप सुरू झाले. तेरा वर्षांची पोरगी शाळेतून येताना दोन्ही दारांत थांबायची. तुझ्या बापाला सांग, वीजवाला येऊन गेला. काकांना सांग, भुसा आमच्या दारात उडतोय, काचेआड बसून त्यांना दिसायचं नाही. एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत तीन पावलं होती. तेवढ्या तीन पावलांत ती निरोपातले काटे काढून टाकायची. पलीकडे पोचेपर्यंत त्याचं 'काका, जरा भुसा उडतोय म्हणतात' एवढंच उरायचं. आई आणि काकूंना या टपालाची गरज पडली नाही. त्या मागच्या दारानं सुखात होत्या. वाट्या जात होत्या, भरून परत येत होत्या. आई म्हणायची, पुरुषांची भांडणं पुढच्या दारापुरती असतात, मागचं दार त्यांना माहीतच नसतं.

त्याच दुपारी टपाल काकांकडे गेली आणि म्हणाली, अजिबात उजेड आत जाणार नाही अशी पेटी हवी.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "इथे येणारा प्रत्येक जण उजेड आत पडावा म्हणून काच लावून घेतो," ते म्हणाले. "तुला उलटं हवंय. तुझं सगळंच उलटं."

"फोटोसुद्धा उलटाच येतो, काका."

तिसऱ्या दिवशी पेटी तयार होती. कोपरे तिरके कापून एकमेकांत बसवलेले, आतून काळं मखमली कापड, मागे खाचेतून सरकणारं झाकण. काकांनी ती उन्हात नेली, झाकण बसवून पुढच्या छिद्राला डोळा लावून आत पाहिलं आणि समाधानानं हुंकार दिला. मग पत्र्याचा तुकडा बसवायची वेळ आली. तो त्यांनी भिंगाखाली धरला, आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

"भोक गोल आहे," ते म्हणाले. कोणी पाडलं हे त्यांनी विचारलं नाही. "गोल म्हणजे गोलच."

घरी बाबांनी पेटी हातात घेतली आणि अंगठ्याचं नख कोपऱ्याच्या सांध्यावरून फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. "एवढ्याशा कामाला इतकं चांगलं लाकूड घातलं," ते पुटपुटले. पण पेटी खाली ठेवायला त्यांना दोनदा जेवायला बोलवावं लागलं.

नव्या पेटीनं काढलेला पहिला फोटो दुकानावरच्या मजल्याच्या खिडकीतून गल्लीचा होता. सकाळी साडेनऊची वेळ, म्हणजे गल्ली ऐन भरात. दूधवाला, शाळेची पोरं, दोन स्कूटर, भाजीची गाडी, आणि शिंप्याच्या पायरीवर पाय लांब करून झोपलेलं कुत्रं. टपालनं सात मिनिटं पट्टी उघडी ठेवली. कॉलेजच्या डार्करूममध्ये लाल दिव्याखाली तिनं कागद औषधात हलवायला घेतला. एकेक काळी रेघ वर येऊ लागली. खिडक्या आल्या, वायरी आल्या, पायऱ्यांच्या कडा आल्या. माणूस मात्र एकही आला नाही. भरलेली गल्ली धुऊन पुसून रिकामी झाली होती. फक्त कुत्रं होतं, मिशीसकट.

तो फोटो तिनं घरी सगळ्यांना दाखवला. जे हलतं ते उमटत नाही, तिनं समजावलं. जो जागचा हलणार नाही त्यालाच कागद धरून ठेवतो.

"म्हणजे आळश्यांचीच सोय," आई म्हणाली. "मी जन्मात येणार नाही तुझ्या फोटोत."

त्या महिन्यात टपालला दुसरं काही सुचत नव्हतं. तिनं पाण्याची बाटली खिडकीत ठेवून तिचे सकाळ, दुपार, संध्याकाळ असे फोटो काढले, आणि एकच बाटली तीन वेगवेगळ्या बाटल्या असल्यासारखी आली. पांढरी चादर भिंतीवर टांगून सावलीत उजेड परतवून पाहिला. पेटी जमिनीवर ठेवली तर आईच्या चपला देवळाएवढ्या आल्या. ती माजघरात चालताना मधेच थांबायची, आणि आई म्हणायची, पुन्हा उन्हाकडे बघत उभी राहिली ही, हिचं लग्न सूर्याशीच लावून द्या. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला टपालनं दोन्ही दुकानांच्या सावल्यांची वेळ अकरा दिवस लिहून काढली. दहा वाजता सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीमागे जायचा. मग बरोबर पंचवीस मिनिटं दोन्ही दारांवर एकसारखा, मऊ, न चिडलेला उजेड असायचा.

मॅडमनी तिचे सगळे फोटो टेबलावर पसरले. त्या कमी बोलत, आणि बोलायच्या आधी पेन्सिलचं टोक ओठांवर आपटत.

"हात बसला आहे," त्या म्हणाल्या. "उजेड कळतो तुला. पण या घरात राहतं कोण?"

शेवटचं काम त्यांनी सगळ्यांना एकच दिलं होतं. एका चौकटीत दोन माणसं. वार्षिक प्रदर्शनात भिंतीवर लागणार होतं तेच. टपालनं कागदावर दोन दारं काढून दाखवली, मधे प्लायवूडची उभी रेघ. मॅडमनी त्या रेघेवर पेन्सिल ठेवली. रेघ मधोमध आली की एका चित्राची दोन चित्रं होतात, त्या म्हणाल्या. मग त्या दोघांना बांधणारं काहीतरी हवं. ते नसेल तर आई आणि काकूंना घे, सोपं पडेल.

सोपं पडलं असतं. मागच्या दारात दोघी हसत बसल्या असत्या, आणि दहाव्या सेकंदाला एक उठून दूध बघायला गेली असती. पण टपालच्या डोळ्यांपुढे ती दोन दारंच होती. ती आधी बाबांकडे गेली.

रविवारी सकाळी दहाला दुकानासमोर स्टुलावर बसायचं, तिनं सांगितलं. नऊ मिनिटं. बाबांनी डोळ्यातलं भिंग काढलं नाही.

"शेजारी कोण?"

"शेजारी शेजारचं दुकान."

"तो असेल तर मी नाही."

"बाबा, नुसतं बसायचंय. हलायचं नाही, बोलायचं नाही. एक शब्द बोललात तरी तोंड पुसलं जाईल फोटोत."

बाबा थोडा वेळ चक्र साफ करत राहिले. "बोलायचं नाही ना नक्की?" त्यांनी विचारलं. "मग जमेल."

ती तीन पावलं चालून पलीकडे गेली. काका काच कापत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शेजारी कोण तेही विचारलं, आणि तुझा बाप असेल तर मला जमायचं नाही असंही सांगितलं. मग टपालनं पुढचं सांगितलं. काकांनी काचेवरची रेघ पूर्ण केली.

"बोलायचं नाही ना?" ते म्हणाले. "मग जमेल."

टपाल दारातून बाहेर आली, प्लायवूडच्या कडेशी उभी राहिली आणि ओढणी तोंडात धरून पोटभर हसली.

रविवारी पावणेदहाला दोघेही तयार होते. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काकांनी केसांना तेल लावून भांग पाडला होता, आणि काकूंनी आतून ओरडून सांगितलं होतं की लग्नातसुद्धा इतका सरळ भांग नव्हता. दोन स्टुलं दोन दारांत होती, मधे सव्वा हाताचं अंतर. दोघं आपापल्या स्टुलावर बसले आणि समोरच्या भिंतीकडे पाहू लागले, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखे.

टपालनं समोरच्या ओट्यावर पेटी ठेवली, वर वीट ठेवली, गुडघे टेकून रेषा पाहिली. प्लायवूडची कड अगदी मधोमध होती. टाकीची सावली सरकत आली आणि दोन्ही दारांवर एकदम पसरली. तिनं गळ्यातलं घड्याळ दाबलं आणि पट्टी उचलली.

दोन मिनिटं सगळं सुरळीत चाललं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गादीवाल्याची हातगाडी आत वळली. गाडीवर सहा गाद्या, गल्ली अरुंद, ओट्याला धक्का लागला असता तर पेटी, वीट आणि महिन्याभराची मेहनत खाली आली असती. टपाल धावली. तिनं दोन्ही हात पसरून गाडी अडवली. गादीवाल्याला आधी वाटलं कोणीतरी गेलं असावं, म्हणून तो दबक्या आवाजात बोलू लागला. फोटो काढणं चाललंय हे कळल्यावर त्याचा आवाज चढला. फोटोला काय लागतं, एक सेकंद, तो म्हणाला. टपालनं त्याला भोक, कागद, उलटं जग असं सगळं सांगितलं. तो गाडीच्या दांड्यावर बसून ऐकू लागला आणि शेवटी त्यानं विचारलं की माझी गाडी येईल का यात. सहा मिनिटं कुठे गेली ते कळलं नाही.

ती परत धावत आली तेव्हा आठ मिनिटं चाळीस सेकंद झाले होते. दोघं जसे बसवले होते तसेच बसलेले. पाठ ताठ, नजर समोर, हात मांडीवर. नवव्या मिनिटाला तिनं पट्टी लावली. बाबा उठले आणि डाव्या दारात गेले. काका उठले आणि उजव्या दारात गेले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. गादीवाला गाद्या घेऊन मधून गेला.

सोमवारी डार्करूममध्ये तिनं कागद औषधात सोडला. मग काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं होऊन उलटा आलेला कागद दुसऱ्या कागदावर छापून सुलट केला आणि धुऊन दोरीवर लावला. तिचा पहिला विचार असा होता की इतका स्वच्छ फोटो तिनं आजवर काढलाच नव्हता. शटरच्या पट्ट्या मोजता येत होत्या. काकांच्या दारातल्या रिकाम्या चौकटींचे कोपरे टोकदार होते. बाबांच्या दारातून दिसणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळात मिनिटकाटा फिरलेला दिसत होता, पंख्यासारखा. स्टुलांचे पाय होते, चपला होत्या, बाबांच्या शर्टची इस्त्री होती. कॉलरच्या वर मात्र काही नव्हतं.

ती जवळ गेली. नव्हतं असं नाही. बाबांच्या डोक्याच्या जागी धुराचा एक लोट होता, आणि तो उजवीकडे झुकला होता. काकांना दोन डोकी होती. एक समोर पाहणारं, फिकट, आणि दुसरं डावीकडे वळलेलं, त्याहून गडद. बाबांचा काकांच्या बाजूचा हात मांडीवरून नाहीसा झाला होता. प्लायवूडच्या रेघेवर, दोघांच्या मधे, राखाडी असं काहीतरी हललेलं होतं.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. पेन्सिल ओठांवर आपटली.

"वाया गेला," त्या म्हणाल्या. "दोघंही हललेत. कोण आहेत?"

"सख्खे भाऊ. बाबा आणि काका."

"पुन्हा काढ. आणि नऊ मिनिटं गप्प बसायला सांग त्यांना."

"सात वर्षं गप्पच बसलेत, मॅडम," टपाल म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग फोटोकडे पाहिलं. मग दोरीवरून तो ओलाच काढून घेतला आणि दिव्याखाली नेला, आणि बराच वेळ पेन्सिल कुठे ठेवली आहे हे त्यांना आठवलं नाही.

घरी आल्यावर टपालनं आईला गाठलं. आई त्या दिवशी खिडकीत होती, हे तिला माहीत होतं. आई भाजी निवडत होती आणि निवडतच राहिली. मला काय ऐकू येतंय वरून, ती म्हणाली. आणि मग, दोन जुड्या संपल्यावर, स्वतःहून म्हणाली, "गुडघा कसा आहे, असं विचारलं कोणीतरी."

"कोणी?"

"ते नाही कळलं. दोघांचा आवाज अगदी सारखा आहे."

गुडघा दोघांचाही दुखत होता. डावा काकांचा, उजवा बाबांचा. त्यावरून काही ठरवता येण्यासारखं नव्हतं.

फोटो हलला, पुन्हा बसावं लागेल, हे तिनं दोन्ही दारांत जाऊन सांगितलं. तो हलला असेल, बाबा म्हणाले. तुझा बाप हलला असेल, काका म्हणाले, लहानपणापासून त्याच्या अंगात किडे आहेत. पण येत्या रविवारी बसाल का, हे विचारल्यावर दोघांनीही इतक्या झटकन हो म्हटलं की तिला तयार करून ठेवलेली सगळी मनधरणी गिळून टाकावी लागली.

बाकी कशात फरक पडला नाही. आठवडाभर निरोप चालूच होते. काकांना सांग, गटारवाला आला होता. तुझ्या बापाला सांग, रद्दी काढायची असेल तर माझीही ने म्हणावं. सोमवार ते शनिवार दोघांचं बोलणं बंद होतं ते होतंच.

दुसऱ्या रविवारी टपालनं पट्टी उचलली आणि कोणी हातगाडी आणण्याची वाट न पाहता गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, पाठमोरी. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. एक कावळा, एक बंद छत्री घेतलेली बाई. मागून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. भांडं मंद आचेवर ठेवलं की जसा येतो तसा. ती वळली नाही. तिनं स्वतःला बजावलं की आपण विद्यार्थिनी आहोत आणि हा प्रयोग आहे, आणि तरी तिच्या तोंडावरचं हसू आवरेना, इतकं की छत्रीवाली बाईही उत्तरादाखल तिच्याकडे बघून हसली.

तो फोटोही हलला. तिसऱ्या रविवारचाही हलला. दुसऱ्यात स्टुलांमधलं अंतर सव्वा हाताचं एक हात झालं होतं, तिसऱ्यात वीतभर. तिसऱ्यात काकांना चेहराच नव्हता, नुसता एक मोठा उजळ गोळा, मागे कललेला. मान मागे टाकून माणूस असा कधी हलतो, हे टपालनं आरशासमोर स्वतः करून पाहिलं. हसतानाच हलतो.

मॅडमनी तीन फोटो एका ओळीत मांडले. पेन्सिल ओठांवर आपटली. मग म्हणाल्या, "तिन्ही दे. असेच, याच क्रमानं."

"यात चेहरे नाहीत, मॅडम."

"दिसतंय मला," मॅडम म्हणाल्या, आणि स्वतःच्या हातानं मागे तिचं नाव लिहिलं.

गुरुवारी काम जमा झालं. कॉलेजनं दिलेले कागद संपले. टपालनं पेटी पुसून कपाटावर ठेवली आणि शुक्रवारी, शनिवारी ढाराढूर झोपली.

रविवारी साडेनऊला ती पाव आणायला खाली उतरली. दोन्ही स्टुलं बाहेर होती. काका भांग पाडून बसलेले, बाबा इस्त्रीचा शर्ट घालून फडक्यानं आपलं स्टूल पुसत होते, जे आधीच स्वच्छ होतं. दोघांनी तिच्या हातांकडे पाहिलं. हातात कापडी पिशवी होती.

"पेटी कुठाय?" काकांनी विचारलं.

टपालनं पिशवीकडे पाहिलं. मग पिशवी पायरीवर ठेवून ती वर गेली. कपाटावरून पेटी काढली, मागचं झाकण सरकवून आत पाहिलं. आत काळ्या मखमलीशिवाय काही नव्हतं. तिनं झाकण घट्ट बसवलं, खाली आली, ओट्यावर पेटी ठेवली, वर वीट ठेवली. गुडघे टेकून रेषा पाहिली, दर वेळी पाहायची तितकाच वेळ.

"आज किती?" बाबा म्हणाले. "नऊच ना?"

"नाही," टपाल म्हणाली. "आज उजेड कमी आहे. पंचवीस लागतील."

बाबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि ते उतरवून खिशात टाकलं. काकांनी मान वर केली. आभाळ इतकं लख्ख होतं की त्यांना कपाळावर हात आडवा धरावा लागला.

"हो," ते म्हणाले. "मळभ आहे."

टपालनं पट्टी उचलली आणि ती गल्लीच्या तोंडाकडे चालू लागली.